‘सिलॅबस’चं मूळ नेमकं कुठलं?

एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा. विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक शब्दांच्या मुळांचं टिपण करताना त्या ‘सिलॅबस’पाशी अडल्या. एका ठिकाणी मूळ ग्रीक ‘सुल्लांबानेइन’, म्हणजे ‘एकत्र घेणं’, असं दिलेलं. दुसऱ्या ठिकाणी हा शब्द म्हणजे निव्वळ छपाईची चूक, असं म्हटलेलं. यातलं खरं कोणतं, अनेकवचन ‘सिलॅबाय’ करायचं की ‘सिलॅबसेस’, आणि एकूणच अशी मुळं पारखायची कशी?

आधी निकाल सांगते. ‘यादी’ या अर्थाचं ‘सुल्लाबोस’ नावाचं नाम प्राचीन ग्रीकमध्ये नव्हतंच. ते पुढच्या काळातल्या पंडितांनी तयार केलं आणि ‘एकत्र घेणं’ हे मूळही त्याला त्यांनीच चिकटवलं. छपाईच्या चुकीची कथा बऱ्याच अंशी खरी आहे. मात्र चूक छापखान्यात सुरू झाली नाही. ती आधी हातानं नक्कल करणाऱ्या लेखनिकाकडून झाली आणि छापखान्यानं ती पक्की केली. ग्रीक-लॅटिन शिकवताना हा शब्द मी मुद्दाम सुरुवातीच्या तासांतच घेते. शब्दाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा अर्थ लावायचा आणि त्यालाच व्युत्पत्ती म्हणायचं, ही सवय किती धोक्याची आहे ते ‘सिलॅबस’ इतकं स्वच्छ दुसरा शब्द दाखवत नाही.

आता सविस्तर. इ.स.पू. ५६. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याला हद्दपारीतून रोमला परतून वर्षही झालं नव्हतं. तो नसताना त्याचा वैरी क्लोडियस याच्या माणसांनी पॅलॅटाइन टेकडीवरचं त्याचं घर पाडलं होतं आणि शहराबाहेरच्या त्याच्या वाड्यांचीही लूट झाली होती. अँटियम या समुद्रकाठच्या गावी, म्हणजे आजच्या आन्झिओला, तो उरलीसुरली पुस्तकं पुन्हा लावून घेत होता. हे काम त्यानं तिरान्नियोवर सोपवलं होतं. तिरान्नियो काळ्या समुद्राकाठच्या अमिसस शहरातला ग्रीक व्याकरणकार. पोंटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्याविरुद्धच्या युद्धात तो रोमनांच्या हाती सापडला आणि युद्धकैदी म्हणून रोमला आला. भूगोलकार स्ट्रेबो त्याचाच विद्यार्थी. अथेन्स जिंकल्यावर रोमन सेनापती सुल्लानं जो ग्रंथसंग्रह रोमला आणला आणि ज्यात अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ होते, तोही या तिरान्नियोच्या हाताखालून गेल्याचं स्ट्रेबो सांगतो. थोडक्यात, त्या काळात पुस्तकांची मांडणी करून घ्यायला याहून जाणता माणूस मिळणं कठीण होतं.

सिसेरो मित्राला, अ‍ॅटिकसला, पत्र लिहितो. तिरान्नियोनं पुस्तकं सुरेख लावली आहेत, वाटलं होतं त्यापेक्षा बरीच चांगली शिल्लक आहेत, असं कळवतो आणि दोन लेखनिक पाठवायला सांगतो. एक काम डिंकानं चिकटवण्याचं, बाकीची मदतनीसाची. येताना त्यांनी चर्मपत्राचा एखादा तुकडा आणावा, म्हणजे पुस्तकांना ‘इंडेक्स’ करता येतील. आणि पुढे जोडतो की, तुम्ही ग्रीक लोक, मला वाटतं, यांनाच ‘सित्तुबा’ म्हणता. अ‍ॅटिकस जन्मानं रोमनच होता, पण त्याची हयातीतली बरीच वर्षं अथेन्समध्ये गेली होती. अ‍ॅटिका प्रांतावरून पडलेलं ‘अ‍ॅटिकस’ हे नावही त्यामुळेच. ‘तुम्ही ग्रीक’ ही मित्रानं मित्राला काढलेली लाडिक खोडी आहे.

त्याच सुमाराच्या आणखी दोन पत्रांत हा शब्द येतो. त्यातलं एक मला फार आवडतं. तिरान्नियोनं पुस्तकं लावल्यापासून माझ्या घराला जणू बुद्धी लाभली, असं सिसेरो त्यात म्हणतो. डायोनिसियस आणि मेनोफिलस या अ‍ॅटिकसच्या दोन माणसांचं नाव घेऊन कौतुक करतो आणि चिठ्ठ्यांनी पुस्तकं उजळल्यावर तुझे ते कप्पे किती देखणे दिसतात, असंही लिहितो.

चिठ्ठ्या, हे महत्त्वाचं. इथे पाठ्यक्रम नाही, विषयांची यादी नाही, अनुक्रमणिकाही नाही. रोमन वाचकाचं पुस्तक म्हणजे पपायरसची गुंडाळी. पपायरसचे ताव एकमेकांना चिकटवून केलेली ही पट्टी कित्येकदा काही मीटर लांब असे. डिंक लावणारा माणूस सिसेरोला हवा होता तो म्हणूनच. अशा गुंडाळ्या कप्प्यात एकावर एक रचल्या की दिसतात फक्त त्यांची टोकं. आत कोणता ग्रंथ आहे हे उलगडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. म्हणून गुंडाळीच्या कडेला छोटी पट्टी डकवत, तिच्यावर ग्रंथकाराचं आणि ग्रंथाचं नाव लिहीत आणि ती बाहेर लोंबत ठेवत. अशा काही पट्ट्या आजही शिल्लक आहेत. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यांत सापडलेल्या एका पट्टीवर ‘बाक्खुलिदीसची डिथिरँब गीतं’, म्हणजे त्या ग्रीक कवीची समूहगीतं, एवढंच लिहिलेलं आहे. सोफ्रोन या नाट्यलेखकाच्या नकलांच्या ग्रंथाचीही एक पट्टी तिथूनच मिळाली. सिसेरो ज्याबद्दल बोलतोय ती वस्तू हीच.

तिचं ग्रीक नाव ‘सित्तुबा’ की ‘सिल्लुबोस’, यावर संपादकांत एकमत नाही. तिन्ही पत्रांतले पाठ, म्हणजे हा शब्द जसा लिहिलेला मिळतो ती रूपं, शेजारी ठेवले की या दोहोंपैकी एक असणार एवढं दिसतं. आपल्या प्रश्नापुरतं इतकं पुरे आहे, कारण या दोन्ही शब्दांचा ‘सुल्लांबानेइन’शी संबंध नाही.

मग चिठ्ठीचा ‘सिलॅबस’ झाला कसा?

अ‍ॅटिकसला लिहिलेली ही पत्रं मध्ययुगात जवळजवळ विस्मृतीत गेली होती. १३४५ मध्ये इटालियन कवी पेत्रार्काला वेरोनाच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात त्यांची प्रत सापडली. आज संपादक ज्या हस्तलिखितावर मोठी भिस्त ठेवतात ते फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कोलुच्चो सालुताती या मुत्सद्द्यासाठी ते नकलून घेतलं होतं. आता अडचण अशी की सिसेरो या पत्रांतून सर्रास ग्रीक शब्द पेरतो आणि पश्चिम युरोपातल्या लेखनिकांना शतकानुशतकं ग्रीक येत नव्हतं. समोर आलेला परका शब्द ते जसा दिसेल तसा उतरवत किंवा ओळखीच्या शब्दाकडे नकळत झुकत. देवनागरी हस्तलिखितात ‘ख’ आणि ‘रव’ यांची गल्लत कशी होते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही प्रक्रिया वेगळी समजावून सांगायला नको. त्या फ्लॉरेन्सच्या प्रतीत आपल्या शब्दाच्या जागी ‘सिल्लाबोस’ असं लिहिलेलं आहे. मध्ययुगीन लेखनिक ‘सिलेबल’साठी ‘सिल्लाबा’ हा लॅटिन शब्द रोज लिहीत असे. अनोळखी ‘सिल्लुबोस’ त्या वळणावर गेला असावा, हे मला सर्वांत संभाव्य वाटतं.

१४७० मध्ये रोम आणि व्हेनिस या दोन्ही शहरांत ही पत्रं छापून निघाली. सुरुवातीच्या काही छापील आवृत्त्यांत पाठ आला तो ‘सिल्लाबोस’, पण पहिल्या अक्षरात साधा ‘आय’ जाऊन ‘वाय’ आला. हा बदल दिसायला किरकोळ, परिणामानं मोठा. लॅटिनमध्ये ‘वाय’ हे अक्षर मुख्यतः ग्रीक शब्दांतला उप्सिलॉन हा वर्ण दाखवायला वापरतात. ते आलं की वाचणाऱ्याला वाटतं, शब्द अस्सल ग्रीक आहे आणि सुरुवातीचा ‘सुल्’ म्हणजे ‘सह, एकत्र’. पुढच्या संपादकांना तसंच वाटलं. त्यांनी तो शब्द ग्रीक लिपीत ‘सुल्लाबूस’ असा लिहिला, त्यावरून प्रथमेचं रूप ‘सुल्लाबोस’ असं काढलं आणि ते ‘सुल्लांबानेइन’पासून साधलं. ‘सुल्लांबानेइन’ हे क्रियापद खरं आहे. त्याच्यापासून आलेला ‘सुल्लाबे’, एका उच्चारात एकत्र घेतलेले वर्ण, म्हणजे ‘सिलेबल’, हाही खरा. त्यामुळे नव्या शब्दाला चांगलं घराणं मिळालं आणि कुणाला शंका आली नाही.

इथे आणखी एक गोष्ट झाली, जिच्याकडे बहुतेक टिपणांत दुर्लक्ष होतं. रूप बदललं तसा अर्थही बदलला. सिसेरोच्या वाक्यातला ‘इंडेक्स’ म्हणजे नाव सांगणारी चिठ्ठी. लॅटिनमध्ये ‘इंडेक्स’ म्हणजे मुळात दाखवणारा, सूचक. त्यावरून ग्रंथाचं शीर्षक, शीर्षकाची पट्टी, आणि यादीसुद्धा. गुंडाळ्यांचा जमाना सरला, पानांची शिवलेली पुस्तकं आली आणि लोंबत्या चिठ्ठ्या कुणाच्या पाहण्यात राहिल्या नाहीत. त्या काळच्या वाचकाला ‘इंडेक्स’ म्हटलं की पुस्तकातली सूचीच आठवणार. सिसेरो म्हणतो इंडेक्स म्हणजेच हा ग्रीक शब्द, तेव्हा या ग्रीक शब्दाचा अर्थ सूची, असा हिशेब झाला. टॉमस ब्लाउंटनं १६५६ मध्ये कठीण शब्दांचा इंग्रजी कोश काढला. त्यात ‘सिलॅबस’चा अर्थ पुस्तकातली अक्षरांनी किंवा आकड्यांनी जागा दाखवणारी सारणी, असाच दिला आहे. तिथून व्याख्यानमालेतल्या विषयांची यादी, मग परीक्षेसाठी नेमलेल्या भागांची यादी, अशी त्याची वाटचाल आहे. ‘यादी’ हा अर्थ शाळेबाहेरही जिवंत राहिला. पोप नववे पायस यांनी १८६४ मध्ये अमान्य ठरवलेल्या ८० विधानांची जी यादी काढली तिचं नाव ‘सिलॅबस एरोरम’, चुकांची यादी.

यावर एक आक्षेप येतो, तो आधीच घेते. सिसेरोचं जाऊ द्या, पण संत ऑगस्टिननं तर हा शब्द वापरलाय ना? जुन्या लॅटिन कोशांत ‘सिलॅबस’च्या नोंदीखाली त्याच्या ‘कन्फेशन्स’च्या तेराव्या खंडातल्या एका जागेचा दाखला असतो. ती जागा उघडून वाचा. देवदूत ईश्वराची इच्छा वाचतात, आणि ती काळात पसरलेल्या ‘सिल्लाबिस’शिवाय वाचतात, असं तिथे आहे. आपण माणसं वाचतो तेव्हा एक उच्चार संपल्यावर दुसरा सुरू होतो, वाचायला वेळ लागतो. देवदूतांना तो लागत नाही, हा ऑगस्टिनचा मुद्दा. म्हणजे इथे ‘सिलेबल’च हवं. यादीचा इथे काही संबंधच नाही. घोटाळा होतो तो व्याकरणामुळे. ‘सिल्लाबा’ आणि कल्पित ‘सिल्लाबुस’ या दोन्ही नामांचं पंचमीचं अनेकवचन ‘सिल्लाबिस’ असंच होतं. रूप पाहून कोणाचं ते ठरत नाही. वाक्य वाचावं लागतं.

अनेकवचनाचं उत्तर आता सोपं आहे. ‘सिलॅबाय’ चूक नाही आणि ‘सिलॅबसेस’ही चूक नाही, इंग्रजी कोश दोन्ही देतात. अभिजात लॅटिनचा आधार ‘सिलॅबाय’ला नाही, कारण अभिजात लॅटिनमध्ये शब्दच नव्हता. पण नंतरच्या पंडितांच्या लॅटिनमध्ये, म्हणजे नवलॅटिनमध्ये, तो दुसऱ्या गणातल्या नामासारखा चालवला गेला, त्यामुळे ते रूप बसतं. माझा कल ‘सिलॅबसेस’कडे, विशेषतः शिकवताना. कारण ‘अस’ दिसला की ‘आय’ लावायचा हा नियम मुलांच्या मनात बसला की ती पुढे जिथे तो मुळीच लागू नाही तिथेही लावतात. ‘कॉर्पस’चं ‘कॉर्पोरा’, ‘जीनस’चं ‘जेनेरा’. ‘स्टेटस’, ‘अपॅरेटस’, ‘सेन्सस’ चौथ्या गणातले, त्यांचं लॅटिन अनेकवचन लिहिताना तसंच राहतं, फक्त शेवटचा स्वर दीर्घ होतो. ‘ऑम्निबस’ हे तर आधीच अनेकवचनातलं चतुर्थीचं रूप आहे, अर्थ ‘सर्वांसाठी’. आणि ‘इग्नोरेमस’ नामच नाही, ते क्रियापद आहे: ‘आम्हाला माहीत नाही’. पुराव्यात दम नसला की इंग्लंडमधली ज्यूरी हा शब्द कागदावर लिहीत असे.

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुळं पारखायची कशी? शब्द आणि त्याचं कथित मूळ यांत साम्य आहे का, हे मी शेवटी पाहते. आधी पाहते की शब्द पहिल्यांदा कुठे लिहिलेला सापडतो आणि त्या वाक्यात त्याचा अर्थ काय आहे. मग मधल्या प्रत्येक टप्प्याला साक्षीदार आहे का. ‘सुल्लाबोस’ इथेच पडतो: तो वापरणारा एकही प्राचीन ग्रीक लेखक उभा करता येत नाही.

हीच कसोटी ‘एज्युकेशन’ला लावून पाहा, कारण तुमच्या टिपणात तो शब्द येणारच. सगळीकडे सांगितलं जातं की तो लॅटिन ‘एदूकेरे’, बाहेर काढणं, यावरून आला, आणि म्हणून शिक्षण म्हणजे मुलाच्या आत दडलेलं बाहेर काढणं. विचार सुंदर आहे. मला स्वतःला तो शिक्षक म्हणून पटतोही. पण व्युत्पत्ती म्हणून तो टिकत नाही. लॅटिनमध्ये दिसायला सारखी दोन क्रियापदं आहेत. तिसऱ्या गणातलं ‘एदूकेरे’, बाहेर नेणं, त्याचं नाम ‘एदुक्तियो’. आणि पहिल्या गणातलं ‘एदुकारे’, पाळणं-पोसणं, वाढवणं, त्याचं नाम ‘एदुकातियो’. इंग्रजी ‘एज्युकेशन’ या दुसऱ्यातून आला. नामाचं रूपच ते सांगतं. ‘एदुकारे’ मुलांना लागू होई तसं जनावरांना आणि रोपांनाही. दोन्ही क्रियापदांच्या पोटात ‘नेणं’ हा एकच धातू आहे, हे खरं, पण रोमन माणूस त्यांत फरक करत होता. रोमन पंडित व्हॅरोचं एक वचन पुढच्या एका व्याकरणकारानं जपून ठेवलंय. त्यात पहिलं क्रियापद सुईणीच्या वाट्याला आहे, ती बाळ बाहेर आणते. दुसरं दाईच्या वाट्याला, ती वाढवते. वळण लावतो पेडागोगस, आणि शिकवतो तो मास्तर. चार माणसं, चार क्रियापदं. ‘बाहेर काढणं’ हे काम व्हॅरोच्या लेखी सुईणीचं आहे, आणि ‘एज्युकेशन’ दाईकडून आलं आहे.

मुलांना हे वचन जरूर द्या. त्यातला पेडागोगसही त्यांना आवडेल. ग्रीक ‘पाइदागोगोस’ म्हणजे मुलाला शाळेत ने-आण करणारा, त्याच्यावर नजर ठेवणारा घरचा गुलाम. शिकवणारा वेगळाच असे. ‘पेडॅगॉजी’ हा शब्द शिकवण्याच्या शास्त्राला लागू झाला तो बराच नंतर.

‘करिक्युलम’ची मात्र काळजी करू नका, तिथे कागदपत्रं चोख आहेत. ‘कुर्रेरे’, धावणं, त्यावरून ‘कुर्रिकुलुम’, धाव, शर्यत, शर्यतीचा रथही. सिसेरो म्हातारपणावरच्या ग्रंथात अभ्यासाला ‘मनाच्या शर्यती’ म्हणतो, तिथे हाच शब्द आहे. विद्यापीठातल्या नेमलेल्या अभ्यासासाठी तो ग्लासगोच्या १६३३ च्या नोंदीत दिसतो.

‘युनिव्हर्सिटी’बद्दल एक चुकीची समजूत फार पसरली आहे, ती टिपणात येऊ देऊ नका. विश्वातलं सगळं ज्ञान जिथे मिळतं ते विद्यापीठ, असा अर्थ लावला जातो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘उनिवेर्सितास’ म्हणजे कायद्यानं एकत्र बांधलेला समुदाय, संघ. कारागिरांचा संघ असे तसा शिकवणाऱ्यांचा आणि शिकणाऱ्यांचा. पॅरिसमध्ये पूर्ण नावच ‘शिक्षकांचा आणि विद्यार्थ्यांचा संघ’ असं होतं. पुढे नुसता ‘संघ’ उरला.

‘अ‍ॅकॅडमी’चेही तुकडे पाडू नका. तो जागेचा शब्द आहे. अथेन्सच्या वेशीबाहेर अकादेमोस या वीराच्या नावाची बाग होती. तिथे इ.स.पू. ३८७ च्या सुमारास प्लेटोनं शिकवायला सुरुवात केली आणि जागेचं नाव त्याच्या संप्रदायाला पडलं. ‘देमोस’ म्हणजे लोक, त्यावरून काहीतरी जुळवण्याचा मोह होतो. पण त्या वीराचं नाव आधी ‘हेकादेमोस’ होतं, असं प्राचीन लेखकच सांगतात. तेव्हा ‘अका’ आणि ‘देमोस’ असे दोन भाग करून निघालेला कोणताही अर्थ संशयास्पद समजायचा. इंग्रजीत ‘अ‍ॅकॅडेमिक’ आला तेव्हा तो आधी या संप्रदायाच्या, विशेषतः त्यातल्या संशयवादी तत्त्वज्ञांच्या संदर्भात वापरला गेला. सिसेरोचा ‘अ‍ॅकॅडेमिका’ हा इ.स.पू. ४५ चा ग्रंथ त्याच वादांवर आहे.

‘सिलॅबस’ची नोंद मी तुमच्या जागी अशी लिहीन: ‘नवलॅटिन, सिसेरोच्या पत्रांतल्या ग्रीक सिल्लुबोस किंवा सित्तुबा, ग्रंथाच्या गुंडाळीला लावलेली नावाची पट्टी, याचं हस्तलिखितात आणि पुढे छपाईत बिघडलेलं रूप, ‘एकत्र घेणं’ या क्रियापदाशी जोडलेला संबंध नंतरचा.’ आणि या नोंदीत १४७० आणि १६५६ ही दोन वर्षंही घाला. मूळ दिलं आणि वर्ष दिलं नाही, तर वाचणाऱ्याला ते पडताळून पाहायला काही धागाच मिळत नाही.